पाच पिढ्यांचे इंग्रजी खाते

आमच्या घराण्यात इंग्रजी शिकण्याची परंपरा पाच पिढ्यांची आहे. इंग्रजी येण्याची परंपरा अजून सुरू व्हायची आहे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर खाते जुने, भरणा नियमित, पण शिल्लक कोणी विचारू नये.

हे खाते उघडून बघण्याची वेळ आमच्या कन्येने आणली. ती कोपरीतल्या एका मराठी शाळेत नववीत आहे. जूनमधल्या एका संध्याकाळी मी बँकेतून घरी आलो, ओली छत्री मोरीत उभी केली आणि पाट घेणार तोच ती म्हणाली,

"बाबा, आमच्या इंग्रजीच्या टीचर म्हणाल्या, आता शिकायचं घरी आणि गृहपाठ करायचा शाळेत."

"छान! मग मीही उद्यापासून नोटा घरी मोजतो आणि बँकेत जाऊन झोपतो."

"बँकेत झोपता ते काय नवीन आहे?" आतून सौ. म्हणाली.

कन्येने मला समजावून सांगितले की याला 'फ्लिप्ड क्लासरूम' म्हणतात. म्हणजे उलटलेला वर्ग. उलटण्याशी माझा संबंध थालीपिठापुरता, आणि तेही माझ्या हातून मोडते. शिवाय वर्गात म्हणे टीचर धडा शिकवणार नाहीत, 'टास्क' देणार. टास्क हा शब्द मी फक्त मार्चअखेरीस मॅनेजरसाहेबांच्या तोंडून ऐकला होता आणि तो ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो.

घरात काही नवे आले की मराठी माणूस त्याला विरोध करण्याआधी त्याचा इतिहास काढतो. मीही काढला.

आमचे पणजोबा ठाण्याला कचेरीत कारकून होते. बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला पोचली, ही गोष्ट ठाण्यातला प्रत्येक माणूस स्वतःच इंजिन चालवल्यासारखी सांगतो. त्या गाडीतून चारशे पाहुणे उतरले आणि परत गेले. पण त्यांच्यामागून तिकीट, सिग्नल, प्लॅटफॉर्म, गार्ड, टाइमटेबल हे जे शब्द उतरले ते मात्र परत गेले नाहीत. ठाणेकरांना हे शब्द कोणी फळ्यावर लिहून दिले नव्हते. गाडी पकडायची होती, म्हणून ते आले. हा मुद्दा वाचकांनी जपून ठेवावा, पुढे लागणार आहे.

शाळेतले इंग्रजी मात्र निराळ्या वाटेने आले. २ फेब्रुवारी १८३५ रोजी मेकॉलेसाहेबाने आपले प्रसिद्ध टिपण लिहिले आणि कारकून तयार करण्याचा कारखाना काढला, असे आपण रागाने म्हणतो. मी स्वतः त्या कारखान्याचा माल असल्यामुळे फार रागावू शकत नाही. पण आपल्याकडे हौसही होतीच. मेकॉलेच्या तीन वर्षे आधी, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले, ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हटले. त्यांनी आणि टिळकांनी १८८० मध्ये पुण्यात शाळा काढली, आणि इंग्रजांना घालवायला निघालेल्या या मंडळींनी तिचे नाव ठेवले न्यू इंग्लिश स्कूल! वाघीण नको, पण दूध पाहिजे, असा तो साधा हिशेब होता.

आमच्या पणजोबांनी ते दूध तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून घेतले. मराठी वाक्याचे इंग्रजी करायचे, इंग्रजी वाक्याचे मराठी करायचे. या व्यवहारात पणजोबा इतके तरबेज झाले की कोणत्याही साहेबाचे कोणतेही पत्र ते उलथेपालथे करून देत. बोलण्याचा प्रसंग मात्र आला नाही. बोलायला साहेब समोर असावा लागतो, आणि साहेब समोर आला की पणजोबा समोर नसत.

आजोबांच्या वाट्याला रेन आणि मार्टिन आले. या रेनसाहेबाची गंमत मला फार उशिरा कळली. पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन हा मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होता. मुलांना भाषांतराशिवाय, थेट इंग्रजीतूनच इंग्रजी शिकवावे, याचा तो पुरस्कर्ता. पुढे त्याने १९२४ मध्ये 'ब्यू जेस्ट' ही परदेशी फौजेतल्या साहसांची कादंबरी लिहिली आणि ती जगभर गाजली. आपल्याकडे मात्र तो उरला व्याकरणाच्या जाडजूड पुस्तकापुरता. नियम नको, भाषा बोला, असे सांगणारा माणूस तीन पिढ्यांना नियमांसाठी आठवतो. आजोबांना ते सगळे नियम पाठ होते. अपवादही पाठ होते. फक्त ज्याला अपवाद करावा असे एखादे वाक्य त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडले नाही.

अण्णांच्या वेळेला, म्हणजे माझ्या वडिलांच्या वेळेला, स्वराज्य आले. बाळासाहेब खेरांच्या काळात मुंबई राज्यात पाचवी ते सातवीतून इंग्रजी उठले आणि आठवीपासून सुरू झाले. अण्णांना तीन वर्षांचा स्वातंत्र्याचा लाभ असा प्रत्यक्ष मिळाला. आठवीत गेल्यावर मात्र नवी पद्धत आली होती. वाक्यांचे साचे ठरलेले, आणि ते साचे कृती करत घोकायचे. एक मुलगा उठे, दाराकडे जाई आणि सर्वांना सांगे, "आय ॲम गोइंग टू द डोअर. आय ॲम ओपनिंग द डोअर." मग सगळा वर्ग सांगे, "ही इज ओपनिंग द डोअर." अण्णा म्हणत, "अरे, दार उघडलंय हे सगळ्यांना दिसतंय. मग सांगायचं कोणाला?" अण्णांचा हा प्रश्न किती मोलाचा होता हे त्यांना माहीत नव्हते, मलाही नव्हते.

पुढे इंग्रजी पुन्हा पाचवीवर उतरले आणि तिथे माझी गाठ पडली. आमच्या बाई धडा इंग्रजीत वाचत, मराठीत सांगत, आणि प्रश्नोत्तरे फळ्यावर लिहून देत. ती घरी जाऊन पाठ करायची. म्हणजे सोपे काम, ऐकण्याचे आणि उतरवण्याचे, बाईंच्या समोर. आणि अवघड काम, ती भाषा वापरायचे, घरी, अण्णांच्या समोर. अण्णा एवढेच सांगू शकत की दार उघडले आहे.

मी बी.कॉम. झालो, बँकेत लागलो. आणि २००९ साली ऑफिसरच्या बढतीसाठी मुलाखतीला गेलो. समोर तीन साहेब. त्यातले मधले, पिकल्या केसांचे, फार सज्जन. माझ्या कपाळावरचा घाम बघून मला जरा मोकळे करावे म्हणून त्यांनी हसून विचारले,

"विच ट्रेन डिड यू कम बाय?"

वाचकहो, मी ठाण्याचा. आठ-बाविसाची स्लो, पुढून तिसरा डबा, मुलुंडला कोण चढतो, भांडुपला कोण उतरतो, खिडकी कोणाकोणात वाटलेली आहे, सगळे मला ठाऊक. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात रेन आणि मार्टिन उठून उभे राहिले. 'आय केम' की 'आय हॅव कम'? साधा भूतकाळ की पूर्ण वर्तमानकाळ? 'बाय' आधी घ्यायचा की शेवटी? गाडीला 'द' लागतो का? मी विचार करत होतो तेवढ्या वेळात ती गाडी सुटून कुर्ल्याला पोचली असती. शेवटी साहेबच म्हणाले, "इट्स ऑल राइट." पुढचे मला आठवत नाही.

मी आजही क्लार्क आहे. बदल्या होतात म्हणून बढती घेतली नाही, असे मी सर्वांना सांगतो. सौ.लाही तेच सांगितले आहे. तेव्हा हा मजकूर तिच्या हाती पडू नये, अशी व्यवस्था वाचकांनी करावी.

आता या इतिहासातला असा एक मनुष्य सांगतो, की तो मला तीस वर्षे आधी भेटायला हवा होता. त्यांचे नाव एन. एस. प्रभू. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिणेत, बंगळूर-मद्रासकडच्या साध्या शाळांमध्ये, एक प्रयोग केला. जगभर तो 'बंगळूर प्रकल्प' म्हणून ओळखला जातो. टास्क देऊन भाषा शिकवण्याच्या पद्धतीचा इतिहास जगात कोणीही लिहिला तरी या प्रकल्पाचे नाव घ्यावेच लागते. आपण परदेशी म्हणून ज्याला नाके मुरडतो ते असे पुष्कळदा शेजारच्या राज्यातले निघते.

प्रभूंचे म्हणणे थोडक्यात असे, की मुलाचे लक्ष भाषेवर नसून अर्थावर असते, तेव्हाच भाषा मनात मुरते. म्हणून त्यांच्या वर्गात व्याकरणाचा धडा नव्हता, कोडी होती. नकाशा वाचायचा. रेल्वेचे वेळापत्रक घेऊन कोण कुठे किती वाजता पोचेल ते काढायचे. आधी शिक्षक सगळ्या वर्गाबरोबर इंग्रजीत बोलत एक कोडे सोडवत, मग तसलेच दुसरे कोडे ज्याचे त्याने सोडवायचे. आणि कोडे योग्य आहे की नाही याची कसोटी इतकी दिलदार, की निम्म्या वर्गाला निम्मे जमले तरी पुरे! हे वाचून मला भरून आले. निम्मे मला कायमच जमत होते.

वेळापत्रक वाचून इंग्रजी! म्हणजे १८५३ साली ठाण्याच्या फलाटावर जे आपोआप घडले तेच प्रभूंनी वर्गात आणले. अण्णांच्या प्रश्नाचे उत्तरही इथे होते. दार उघडलेले सगळ्यांना दिसते तेव्हा बोलायचे कारणच नसते. एकाला माहीत आहे आणि दुसऱ्याला नाही, तेव्हाच तोंड उघडते.

वर्ग उलटण्याची गोष्ट त्यामानाने नवी. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात वुडलँड पार्क इथल्या हायस्कुलात जोनाथन बर्गमन आणि एरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे दोन शिक्षक. सामने आणि इतर कार्यक्रमांमुळे मुलांचे तास बुडत, म्हणून २००७ साली त्यांनी आपले धडे चित्रित करून ठेवायला सुरुवात केली. मग त्यांच्या ध्यानात आले की ऐकण्यासाठी मास्तर समोर लागतच नाही. मास्तर लागतो तो गणित अडते तेव्हा, आणि ते अडते नेमके घरी. तेव्हा ऐकणे घरी पाठवा आणि अडणे शाळेत आणा.

आपल्याकडे पडद्यावरचे धडे काही नवे नव्हते. पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी निघाली होती, ती २०१७ मध्ये बंद झाली. आमच्या शाळेत टीव्ही होता, पण तो कपाटात असे आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असे ते रजेवर असत. पुढे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांनाच क्यूआर कोड चिकटवले. फोन धरला की कविता ऐका, धडा बघा. नंतर राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. डिसेंबर २०२० मध्ये गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझचे दहा लाख डॉलर मिळाले आणि त्यांनी निम्मी रक्कम उरलेल्या नऊ स्पर्धकांत वाटून टाकली. मी कॅशमध्ये पुष्कळ वर्षे काढली आहेत. एवढी रक्कम हातात आल्यावर इतक्या हसतमुखाने निम्मी परत देणारा माणूस माझ्या खिडकीवर कधी आला नाही.

त्याच वर्षी मार्चमध्ये शाळा बंद झाल्या होत्या आणि सगळ्या महाराष्ट्राचा वर्ग एकदम उलटला होता. पण तो अर्धाच उलटला. शिकणे घरी आले, आणि जिथे जाऊन बोलायचे तो वर्गच उरला नाही.

एवढा इतिहास पचवून मी पालकसभेला गेलो. तिथे माझ्यासारखेच एक गृहस्थ तावातावाने उठले. "शिकवायचं काम जर घरीच, तर तुमचं काम काय?"

टीचर तरुण होत्या, पण शांत. त्या म्हणाल्या, "सर, तास पस्तीस मिनिटांचा. मुलं साठ. पंचवीस मिनिटं मी बोलले तर उरली दहा. म्हणजे एका मुलाला बोलायला किती वेळ?"

माझ्या तोंडून सवयीने गेले, "दहा सेकंद."

"बरोबर. आता माझी ती पंचवीस मिनिटं सात मिनिटांच्या व्हिडिओत बसवून मी घरी पाठवली. वर्गात तीस जोड्या केल्या. पंचवीस मिनिटं सगळ्या जोड्या एकाच वेळी बोलतात. आता?"

मी मनात भागाकार केला. एकेकाला साडेबारा मिनिटे. दहा सेकंदांचे साडेसातशे. पंचाहत्तरपट! असे व्याज देणारी योजना आमच्या बँकेत असती तर मी अण्णांचे घर मोडून त्यात घातले असते.

तेवढ्यात मागच्या बाकावरून खाकी शर्टातले एक गृहस्थ उभे राहिले. कन्येच्या बाकावरच्या मैत्रिणीचे वडील. रिक्षा चालवतात. ते फार हळू बोलले. "मॅडम, तुमचं पटतंय. पण घरात फोन एकच. तो माझ्याबरोबर रिक्षात असतो. घरी ठेवला तर भाडं येत नाही. मी परत येतो अकराला. तोवर पोरगी झोपते. मग तिनं बघायचं कधी?"

सभा गप्प झाली. मीही. ती मुलगी पहिले दोन आठवडे वर्गात तोंड मिटून बसली होती, असे कन्येने मला सांगितले होते. "ती म्हणते, झोप लागली म्हणून नाही बघितला व्हिडिओ," असेही सांगितले होते. आणि मी म्हणालो होतो, "आळशी दिसते." हे वाक्य आता माझ्या घशात अडकले. पाच पिढ्यांच्या इतिहासात मी एवढे वाचले, पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. काम घरी पाठवायचे म्हटले की ते कोणाच्या घरी जाते हे बघावे लागते. अण्णांच्या घरी दिवा होता पण इंग्रजी नव्हते. हिच्या घरी दोन्ही मिळेल, पण फोन अकराला येतो.

टीचर लगेच काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांनी मधल्या सुट्टीत शाळेच्या संगणकावर तो व्हिडिओ लावायला सुरुवात केली. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी डबा घेऊन यावे. पहिल्या दिवशी आठजण आले, दुसऱ्या दिवशी अकरा. त्यातल्या तिघांकडे घरी फोन होता, पण संगणकासमोर डबा खायला मजा येते.

आणि सौ.ने रिक्षावाल्या दादांच्या घरी निरोप पाठवला, की आमच्या मुलीला एकटीला अभ्यास सुचत नाही, तुमच्या मुलीला संध्याकाळी पाठवा. हे खोटे होते. पण आमच्या घरातले सर्वांत उपयुक्त खोटे तेच.

आता रोज आठ वाजता आमच्याकडे वर्ग भरतो. व्हिडिओत टीचर बोलत असतात आणि त्यांच्या मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. दोघी मुली समोर, सौ. कणीक मळत बाजूला, आणि मी पेपर उघडून, पान न उलटता. मग उद्याच्या टास्कची तालीम. एकीकडे वेळापत्रक, दुसरीकडे पाहुण्याची चिठ्ठी. वाशीहून निघालेल्या पाहुण्याला अकराच्या आत चेंदणी कोळीवाड्यात लग्नाला पोचवायचे, आणि आपला कागद दुसरीला दाखवायचा नाही. स्टेशनच्या पूर्वेला उतरल्यावर आमची कन्या गडबडते. तिची मैत्रीण मात्र रिक्षावाल्याची लेक. तिला कोपरीतली गल्ली न् गल्ली पाठ. ती सांगते, "नो नो, नॉट मीठबंदर रोड! देअर वॉटर इज फुल. यू टेक लेफ्ट!" व्याकरणाचा निकाल लागतो, पण पाहुणा लग्नाला वेळेवर पोचतो. टीचर वर्गात तिचे बोलणे पूर्ण होऊ देतात आणि चुका नंतर सगळ्यांच्या मिळून फळ्यावर घेतात. घरात मी चुका काढायला लागलो की दोघी मिळून मला गप्प करतात.

परवाची गोष्ट. मी नुकताच घरात शिरलो होतो. दुसऱ्या दिवशीचा टास्क प्रवाशाला प्रश्न विचारण्याचा होता, आणि प्रवासी मीच. त्या मुलीने वही पुढे धरली, पेन्सिल कानामागून काढली आणि विचारले,

"काका, विच ट्रेन डिड यू कम बाय?"

माझा एक पाय चपलेत होता, एक बाहेर. गाडीत उभा राहून पाय भरून आले होते. मी म्हणालो, "सिक्स फिफ्टी स्लो. बट इट वॉज सो क्राउडेड, आय गॉट डाउन ॲट मुलुंड अँड टुक द नेक्स्ट वन."

तिने लिहून घेतले आणि म्हणाली, "थँक यू, काका. नेक्स्ट क्वेश्चन."

मी मात्र तिथेच उभा राहिलो. उत्तर सोळा वर्षे उशिरा पोचले होते. पण पोचले होते.

स्वयंपाकघराच्या दारात पिठाच्या हातांनी सौ. उभी होती.

"अहो, हाच ना तो प्रश्न?"

"कुठला?" मी दचकलो. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी सांगायला कशाला हवं? सोळा वर्षं झोपेत तोच बडबडताय," ती म्हणाली आणि थालीपीठ उलटायला आत गेली.